नवीन महाबळेश्वर: परवानगी एकेका रिसॉर्टची, डोंगराचा हिशोब कुणाकडे?

रानजाई:
साताऱ्याच्या डोंगरात नवीन महाबळेश्वर नावाचं थंड हवेचं ठिकाण वसवायचं घाटतंय, त्याचा विषय निघाला की लोक ठरलेलं वाक्य टाकतात, "ईआयए, म्हणजे पर्यावरणावरच्या परिणामाचा अभ्यास, होईलच की". अहो कुठे होणार? २००६ च्या नियमाप्रमाणे २०,००० चौरस मीटरच्या खालच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरीच लागत नाही. एकाने मोठं रिसॉर्ट काढलं तर फाईल फिरणार, पण चाळीस जणांनी शेजारी शेजारी छोटी काढली तर कुणी विचारणार नाही, पाणी मात्र सगळे एकाच डोंगराचं ओढणार आणि सेप्टिक टँकही तिथेच मुरणार. २०१९ ला एमएसआरडीसीकडे (राज्य रस्ते विकास महामंडळाकडे) नियोजन दिलं तेव्हा सातारा, जावळी, पाटणची २३५ गावं होती, नंतर आणखी २९४ जोडली. एकीकडे कासचं फुलांचं पठार, दुसरीकडे कोयनेचं बॅकवॉटर नि व्याघ्र प्रकल्प. माझं म्हणणं एवढंच, सुट्या बिल्डिंगा तपासत बसण्यापेक्षा अख्खा आराखडा तपासा. या डोंगरात किती माणूस मावतो ते आधी काढा, मग नकाशात रंग भरा.

कोयनाकाठ:
ताई, धरण आलं तेव्हा आमचा अभ्यास कुणी केला नव्हता. जमीन पाण्याखाली गेली, उरलीसुरली जंगलात, नि आता कुठं चार पैसे दिसायला लागले तर सगळ्यांना बेडूक आठवले. गावात साठीपुढची माणसं आणि कुलपं, पोरं मुंबईला माथाडीत. बॅकवॉटरवरच्या बामणोलीत येऊन बघा एकदा, बोटींवर किती घरं चालतात ते. आणि अभ्यासाचं म्हणाल तर कासला तारेचं कुंपण घातलं, चराई बंद केली, गवत माजलं, फुलं कमी झाली म्हणून बोंब झाली, शेवटी कुंपण काढायला लागलंच की.

नकाशेवाला:
आराखडा नसला की बांधकाम थांबतं असा समज आहे का इथे? कास रोडला आराखडा नव्हता तरी हॉटेलं उभी राहिलीच ना. आराखड्यात निदान किती उतारावर बांधायचं नाही, नाल्यापासून किती सोडायचं, हे लिहिलेलं असतं, कोर्टात दाखवायला कागद असतो. तुमचा अभ्यास पूर्ण होईपर्यंत गुंठे पाडून सगळं विकून झालेलं असेल.

रानजाई:
@नकाशेवाला कागद हवाच, पण त्यात भरणार काय? ईआयएला एका हंगामाची पाहणी चालते, तीही पावसाळा सोडून! दुसरीकडे चालत असेल हो. इथे मार्चमध्ये सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळ पठारावर, गेलात तर काय दिसतं, तापलेला काळा कातळ, वाळक्या काड्या, लांब कुठेतरी एखादी म्हैस. कन्सल्टंट लिहिणार "वनस्पती विरळ", सातबाऱ्यावरही पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, असंच. तोच सडा ऑगस्टात बघा, बोटभर मातीत सीतेची आसवं, दवबिंदू, गेंद ही इवली फुलझाडं दाटीने उभी, खळग्यात पाणी आणि त्यात बेडकाची पिल्लं. हेच पाणी मुरून खालच्या वाडीच्या झऱ्याला येतं. म्हणजे जी जागा कागदावर रिकामी म्हणून रिसॉर्टला पहिली सुचते तीच खरी भरलेली असते.

जुनापापी:
पुण्याजवळ डोंगरात वसवलेलं खाजगी शहर लवासा, ते विसरलात वाटतं सगळे. २०१० ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची नोटीस आली तोवर डोंगर कापून झाले होते, पुढच्या वर्षी अटी घालून मंजुरीही मिळाली. ईआयएचे पैसे कोण देतं? प्रकल्पवालाच! मग अहवाल कसा येणार सांगा. आणि कोयनाकाठ दादा, बांधकाम आणि टाऊनशिपच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे, त्यामुळे ती मोठी रिसॉर्टं आली तर तुम्हाला कुणी विचारायलाही येणार नाही.

कोयनाकाठ:
विचारलं तरी काय, सुनावणी तालुक्याला, दुपारची एसटी चुकली की मुक्काम. बरं, डोंगर डोंगर करताय तर सांगा, २०२१ च्या जुलैत मिरगाव, आंबेघरला दरड आली तिथं कुठलं रिसॉर्ट होतं?

रानजाई:
नव्हतंच, म्हणून तर घाबरायचं! त्या पावसात महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिमी पडला. न कापलेला डोंगर जर असा खाली येतो तर त्याच उताराला जेसीबी लावून रस्ते फिरवल्यावर काय होईल, हे आराखड्यात कुठल्या पानावर असतं?

नकाशेवाला:
भूस्खलनाचे नकाशे घालता येतात, ते मान्य. पण "किती माणूस मावतो" हा आकडा कोण ठरवणार? कासला फुलांच्या सीझनमध्ये दिवसाला ३००० ची मर्यादा घातली, गेटवर पावती आहे, म्हणून जमतं. ५२९ गावांना गेट कुठे लावणार?

जुनापापी:
गेट नको, टँकर मोजा. ज्या गावाला एप्रिलमध्ये टँकर लागतो तिथे नवीन खोल्यांना परवानगी नाही, बस. यात कुठला शास्त्रज्ञ लागतो?

कोयनाकाठ:
हे पटण्यासारखं आहे. आराखड्यावर हरकत लिहिणार असाल तर त्यात आमची एक ओळ टाका, खोल्यांची परवानगी पहिली गावातल्या घरांना, बाहेरच्या बंगलेवाल्याला मागनं. मी गावातनं सह्या आणतो. बोटी बंद करा असं कुठं लिहिलंत तर मात्र एकही सही मिळायची नाही.