८६ डीबीच्या स्पीकरना जुना रिसीव्हर कुठला घ्यावा? (कोल्हापूर)

नीलांबरी_राजारामपुरी

नमस्कार मंडळी. दिवाळीत माळा आवरताना बाबांच्या एलपी खाली काढल्या. एकशे चाळीसच्या आसपास आहेत, निम्म्याहून जास्त शास्त्रीय. मन्सूर, केसरबाई, किशोरीताई. बाबा देवल क्लबमध्ये गाणं ऐकून आले की रात्री जेवण बाजूला ठेवून तोच राग तबकडीवर लावायचे. त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर केव्हाच भंगारात गेला, टर्नटेबल मात्र राहिला. नवा बेल्ट आणि नवी सुई घातल्यावर फिरायला लागलाय.

स्पीकर माझे आहेत, वॉर्फडेल डायमंडची बुकशेल्फ जोडी. मागच्या पट्टीवर ८ ओहम आणि ८६ डीबी लिहिलंय. खोली १२ बाय १४, एका भिंतीला पुस्तकांचं कपाट. मला सत्तरच्या दशकातला रिसीव्हरच हवाय (अ‍ॅम्प्लिफायर आणि रेडिओ एकाच सेटमध्ये), बाबांच्या वेळचा. आईची एकच अट आहे, सकाळी आकाशवाणी कोल्हापूर लागलं पाहिजे.

तीन सेट बघून ठेवलेत. सांगलीत मरँट्झ २२३० आहे, ३० वॅटचा, अमेरिकेतून आणलेला, मागे फक्त १२० व्होल्ट, किंमत ५२ हजार. पुण्यात पायोनियर एसएक्स-७८० आहे, ४५ वॅट, व्होल्टेज सिलेक्टरसह, ३८ हजार. इचलकरंजीत एक सान्सुई आहे, जपानच्या बाजारासाठीचा, १०० व्होल्टचा, १९ हजारात देतो म्हणतोय. ८६ डीबी म्हणजे स्पीकर जड चालतात, जास्त वॅट मागतात असं वाचलं, म्हणून मन ४५ वॅटकडे झुकतंय. बरोबर आहे का?

---

डेसिबल_दादा

वॅटच्या मागे लागू नका ताई. वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डीबीनेच वाढतो. ३० आणि ४५ मधला फरक जेमतेम पावणेदोन डीबी, तो कानाला धड कळतही नाही. तुमच्या स्पीकरला १ वॅट दिला की मीटरभर अंतरावर ८६ डीबी मिळतात, १० वॅटला ९६. १२ बाय १४ च्या स्लॅबच्या खोलीत ९६ डीबीने ख्याल लावलात तर खालचे भाडेकरू वर येतील. ८ ओहम आहेत हे उत्तम, जुन्या सेटला हाच लोड सोयीचा. फक्त ए आणि बी दोन्ही बटणं दाबून दोन जोड्या लावणार असाल तर मागची पट्टी वाचा, दोन जोड्या समांतर झाल्या की ८ चे ४ ओहम होतात.

आणि आकडा वाचताना सेटचं सालही बघा. अमेरिकेत १९७४ साली नियम आला आणि सतत मिळणारी आरएमएस पॉवर छापणं सक्तीचं झालं. त्याआधीच्या जाहिरातींतले वॅट फुगवलेले सापडतात.

---

उद्यमनगर_वाइंडिंग

ताई, माझं काम मोटार आणि ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगचं, चौतीस वर्षं झाली. रेडिओचा नाद शाळेपासूनचा. तुम्ही तीन सेटचे वॅट विचारलेत, पण मी आधी मागची पट्टी वाचतो. कुठल्या देशाचा सेट, किती व्होल्टचा, किती हर्ट्झचा. त्यावरच निम्मा निकाल लागतो.

सान्सुई बाद. हर्ट्झची अडचण नाही त्याला. जपानात पूर्वेकडं ५० हर्ट्झ आणि पश्चिमेकडं ६०, त्यामुळं तिथले सेट दोन्हीवर चालतील असेच बनवलेत. अडचण एफएमची. जपानचा एफएम पट्टा जुन्या सेटवर ७६ ते ९० मेगाहर्ट्झ. आपलं आकाशवाणी कोल्हापूर १०२.७ वर, टोमॅटो ९४.३ वर. काटा कितीही उजवीकडं सारला तरी आईंचं स्टेशन त्या डायलवर यायचंच नाही. विकणारा हे सांगत नाही, कारण बहुतेकदा त्यालाही ठाऊक नसतं.

मरँट्झ सुंदर. आडवं ट्यूनिंग चाक, निळा डायल, बास आणि ट्रेबलच्या मधे मिडचा वेगळा नॉब. गायकी ऐकणाऱ्याला तो मिडचा नॉब लई उपयोगाचा. पण पट्टीवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ एवढंच असेल तर थांबा. ६० हर्ट्झसाठी बेतलेल्या कोअरला आपले ५० हर्ट्झ दिले की त्याच व्होल्टला फ्लक्स, म्हणजे कोअरमधलं चुंबकत्व, वीस टक्के वाढतो. ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो, तापतो. त्यावर इलाज आहे, १२० ऐवजी १०० व्होल्ट द्यायचे. १२० भागिले ६० दोन, १०० भागिले ५० पण दोन, कोअर शांत बसतो. वॅट थोडे उतरतात, उतरू देत, ते वर दादांनी सांगितलंच. स्टेपडाउन, म्हणजे व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर, चांगला ५०० व्हीएचा, तांब्याच्या तारेचा, दोन वेगळ्या वाइंडिंगचा घ्या. ऑटो ट्रान्सफॉर्मर नको.

हे मी स्वतःचा सेट घालवून शिकलोय. २००९ साली पहिला अमेरिकन सेट आला, तेव्हा बाजारातला हलका स्टेपडाउन लावला. दिवसा १२० दाखवायचा. स्टेपडाउन व्होल्टेज धरून ठेवत नाही, फक्त भागतो, हे मला पोटात ठाऊक होतं आणि तरी मी मीटर लावला नाही. रात्री अकरानंतर आमच्या लाइनला २५० यायचे, त्याचे पलीकडं १३० व्हायचे. तिसऱ्या आठवड्यात फिल्टरचा मोठा कॅपॅसिटर फुटला. खोलीभर तो आंबूस वास दोन दिवस होता. वाइंडिंगवाल्याच्या घरात हे व्हावं याचं मला आजही वाईट वाटतं.

आता पुण्याचा पायोनियर. सिलेक्टर आहे, एफएम ८८ ते १०८, आवाज भरीव. पण त्यात आउटपुटला एसटीके-००५० चे पॅक आहेत, म्हणजे सगळं सर्किट एकाच बंद तुकड्यात. ते उडाले तर अस्सल मिळणं महाकठीण, बाजारात नकली फार. सुट्या ट्रान्झिस्टरचा सेट मी कोल्हापुरात बसून दुरुस्त करीन, एसटीकेचं वचन देत नाही. म्हणून माझं मत, सिलेक्टरचा आणि सुट्या ट्रान्झिस्टरचा सेट शोधा. यामाहाची सीआर मालिका बघा. सीआर-६२० ला ३५ वॅट आहेत, तुम्हाला भरपूर. त्यात लाउडनेसचं बटण नसून सलग फिरणारा नॉब आहे. रोजचा मोठा आवाज व्हॉल्यूमवर एकदा ठरवायचा आणि रात्री लाउडनेसच्या नॉबनं खाली आणायचा. आवाज हळू होतो, पण तानपुऱ्याचा खर्ज जागेवर राहतो.

एक महत्त्वाचं. सेट कुठूनही घ्या, तळाचा पत्रा काढल्याशिवाय पैसे देऊ नका. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आपल्याकडं किती घरांत पाणी शिरलं तुम्हाला ठाऊकच आहे. त्यातले सेट पुसून, नॉब पॉलिश करून फिरतायत. माझ्याकडं असा एक आला होता. समोरून आरसा. तळ उघडला तर ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्यांच्या फटीत करडा गाळ, टॅगांवर हिरवी बुरशी, आणि डायलचा दोरा ज्या छोट्या पुलीवरून फिरतो तिच्या खाचेत वाळलेल्या चिखलाची एक बारीक रेघ. पुसणाऱ्याचा हात तिथवर पोचला नव्हता. टॉर्च न्या आणि आधी ती पुली बघा.

मग मल्टीमीटर. स्पीकर काढून ठेवा, व्हॉल्यूम शून्य, सेट दहा मिनिटं चालू द्या आणि स्पीकरच्या लाल-काळ्या टर्मिनलवर डीसी मिलिव्होल्ट मोजा. ५० च्या आत असेल तर निर्धास्त. शंभराच्या वर गेला तर तुमचे वॉर्फडेल त्याला जोडू नका. आणि टर्नटेबलची सुई कसली आहे ते सांगा, मॅग्नेटिक की सिरॅमिक? आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या प्लेअरना सिरॅमिक असायची. ती फोनो इनपुटला चालत नाही, आवाज फाटतो.

---

नवाच_घ्या

एवढ्या पैशात नवा इंटिग्रेटेड येतो, वॉरंटीसकट. पन्नास वर्षांपूर्वीचं मशीन कशाला?

---

नीलांबरी_राजारामपुरी

तुमचं म्हणणं व्यवहाराला धरून आहे. पण बाबा त्यांच्या सेटचा दिवा लागला की पाच मिनिटं थांबायचे, मग सुई ठेवायचे. मला त्या उजेडात बसून ऐकायचंय, ते नव्यात मिळणार नाही.

काका, फार मोठी मदत झाली. सुई मॅग्नेटिक आहे. पुणे रद्द. बेळगावात एक सीआर-६२० असल्याचं कळलंय, मागे सिलेक्टर आहे. रविवारी जाते.

---

डेसिबल_दादा

सिलेक्टर २२० आणि २४० असा असेल तर २४० वर ठेवायला सांगा. पहिल्यांदा लावताना सिरीजला १०० वॅटचा साधा बल्ब घ्या. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

---

नीलांबरी_राजारामपुरी

आणला! ३१ हजारात ठरला. आधी पुली बघितली, कोरडी आणि स्वच्छ. बल्ब मंदावला. मीटरवर डावीकडे १८, उजवीकडे २३ मिलिव्होल्ट. विकणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक आहेत. मी तळ उघडायला मागितला तेव्हा त्यांनी स्वतःचा स्क्रूड्रायव्हर आणून दिला आणि शेजारी टॉर्च धरून उभे राहिले.

काल रात्री दहाला मन्सूर लावले. काका, लाउडनेसचा नॉब तुम्ही सांगितला तसाच वापरला. आवाज इतका हळू होता की पंखा बंद करावा लागला, तरी तानपुरा खोलीत होता. आई दारात उभी राहून ऐकत होती, आत आली नाही. सकाळी मात्र काटा १०२.७ वर तिनेच नेला.

एकच तक्रार आहे. बॅलन्सचा नॉब फिरवला की डाव्या स्पीकरमध्ये खरखर येते, मधल्या जागी तर डावा गप्पच होतो. उघडू की राहू दे?

---

उद्यमनगर_वाइंडिंग

उघडा, घाबरू नका. प्लग काढून अर्धा तास थांबा, कॅपॅसिटरमध्ये चार्ज असतो. इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर आणा. गंज काढायचा स्प्रे नको, त्यानं आतलं वंगण धुऊन जातं आणि नॉब हलका पडतो. नॉबच्या मागं कंट्रोलच्या डबीला बारीक फट असते, तिथं नळी टेकवून एकच फवारा. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस वेळा फिरवा. रात्रभर वाळू द्या. तरी डावा गप्प राहिला तर शनिवारी दुपारी सेट घेऊन या, दोघं मिळून बघू. येताना मन्सूरांची एक तबकडी आणा.