शब्दचर्चा: 'अ‍ॅडसॉर्ब'ला मराठीत काय लिहायचं?

प्रश्न: आयसीयूत चोवीस तास चालणाऱ्या डायलिसिसबद्दल नातेवाइकांसाठी माहितीपत्रक मराठीत करतेय. त्यात एक वाक्य आहे, फिल्टरचा पडदा सायटोकाइन (दाहक रेणू) 'अ‍ॅडसॉर्ब' करतो. मी 'गाळतो' लिहिलं, डॉक्टरांनी खोडलं. 'शोषतो' लिहिलं, तेही खोडलं. मग लिहू काय?

– डॉक्टरांनी दोन्ही वेळा बरोबर खोडलं बघा. गाळणं म्हणजे आकाराचा खेळ, चहा खाली आणि चोथा वर. रक्तातल्या कचऱ्यापैकी युरिया ६० डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप), क्रिएटिनिन ११३चा, ते पडद्याच्या भोकांतून आरामात पलीकडे जातात. पण सायटोकाइनपैकी इंटरल्यूकिन-६ वीस हजारांच्या वरचा आणि टीएनएफचे तीन तुकडे एकत्र असले की पन्नास हजारांच्या आसपास, आणि रक्तात हवं असलेलं अल्ब्युमिन हे प्रथिन ६६ हजारांचं, म्हणजे भोकं मोठी करावीत तर अल्ब्युमिनही वाहून जायला लागतं. म्हणून काही पडदे गाळण्याबरोबर चिकटवूनही धरतात. एएन६९ नावाच्या पडद्यात सल्फोनेटचे ऋणभार असतात, त्यांना सायटोकाइनवरचे धनभार चिकटतात. ऑक्सिरिस नावाच्या फिल्टरमध्ये त्याच पडद्यावर पॉलिइथिलीनइमाइनचा धनभारित थर देतात, त्याला जंतूंचं एंडोटॉक्सिन नावाचं विष चिकटतं.

आता शब्द. पाठ्यपुस्तकात 'अधिशोषण' आहे. 'अधि' म्हणजे वर, जसं अधिष्ठान. बिस्कीट चहा पितं ते शोषण, आणि माळावरून चालून आलं की धोतराला कुसळं चिकटलेली असतात ते अधिशोषण. कापड कुसळं पीत नाही, धरून ठेवतं.

– पण एएन६९मध्ये रेणू पडद्याच्या जाडीतही शिरतात ना? मग ते शोषणच झालं की.

– चांगला मुद्दा. शिरतात खरे, पण आतल्या बारीक भोकांच्या भिंतींना चिकटतात, म्हणजे आतही पृष्ठभागच. आणि म्हणूनच जागा संपते! कुसळांनी भरलेल्या धोतराला आणखी कुसळं कुठे लागणार, फिल्टर अजून चालू दिसला तरी त्याची धरायची ताकद संपलेली असू शकते, म्हणून तो ठरावीक वेळाने बदलतात. हे नातेवाइकांना सांगाच, नाहीतर 'कालच तर नवा लावला होता' म्हणून भांडणं होतात. शिवाय काही अँटिबायोटिक्सही चिकटतात, त्यामुळे डोस बघावा लागतो.

– माझा एक आक्षेप 'दाहक रेणू'वर. दाहक म्हटलं की अ‍ॅसिड डोळ्यापुढे येतं. हे रेणू स्वतः भाजत नाहीत, शरीराला दाहाचा निरोप देतात. 'दाह वाढवणारे' लिहा.

– पटलं. आणि 'रक्तातलं विष काढतो' असं कुणी सुचवलं तर अजिबात नको, सायटोकाइन शरीर स्वतःच बनवतं, थोडे हवेच असतात. 'जीव वाचवतो' हेही नको, या पडद्यांमुळे मृत्यू कमी होतात असं मोठ्या चाचण्यांत अजून पक्कं दिसलेलं नाही आणि आयसीयूबाहेर बसलेला माणूस एकेका शब्दाला धरून बसलेला असतो.

मी असं लिहीन: 'हा फिल्टर रक्तातला कचरा गाळतो, आणि दाह वाढवणारे काही रेणू स्वतःला चिकटवून धरतो. जागा भरली की तो बदलावा लागतो.' अधिशोषण डॉक्टरांच्या प्रतीत राहू दे.