पगारकपात आधी की हिशोब दाखवणं आधी?

खडूफळा (धागालेखक):
अनुदान नसलेल्या, सगळा कारभार फीवर चालणाऱ्या शाळांबद्दल बोलायचंय. अशाच एका शाळेत मी अकरा वर्षं शिकवलं. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, आणि एका महिन्याच्या २८ तारखेला स्टाफच्या ग्रुपवर दोन ओळींची नोटीस, पुढच्या महिन्यापासून ३०% पगार कमी. किती महिने, परत मिळणार का, काहीच नाही. माझ्या एक सहकारी बाई स्टुलावर पुस्तकांची थप्पी रचून त्याला मोबाईल टेकवून शिकवायच्या, नोटीस आली तेव्हा त्यांचा तास चालू होता, तो त्यांनी पूर्ण केला आणि मग मला फोन केला. पैसे नव्हते हे मान्य आहे मला. पण मुख्याध्यापक आणि विश्वस्तांनी आधी हिशोब शिक्षकांपुढे ठेवावा, मग कपातीचं बोलावं, आणि ती वरच्या पगारांपासून सुरू करावी.

ताळेबंद:
पूर्ण असहमत. मी एका शाळेच्या ट्रस्टचे हिशोब बघतो. ३० च्या वर्गातली ४ मुलं गेली की त्या वर्गाचं उत्पन्न १३ टक्क्यांनी खाली येतं, पण शिक्षकाचा पगार तोच, इमारतीचा हप्ता तोच, वीजबिल जवळपास तेच. सगळ्यात मोठा खर्च पगाराचाच असतो, मग कात्री दुसरीकडे कुठे लावणार? इमारत निधीतला पैसा देणगीदाराने इमारतीसाठी दिलेला असतो, तो पगाराला वापरता येत नाही. आणि आकडे बाहेर पडले की संध्याकाळपर्यंत पालकांच्या ग्रुपवर 'शाळा बुडतेय', आठवड्याभरात दाखले काढायला रांग. जी शाळा तगली असती तीही मग बसते.

दोन_मुलांची_आई:
मी पालक आहे, माझा राग वेगळाच आहे. आमच्या शाळेने सरसकट २०% फी माफ केली. आमच्या दोघांच्या नोकऱ्या शाबूत होत्या, आम्हाला ती सूट नको होती हो! माझ्या मुलाच्या बाकावरच्या मुलाच्या वडिलांचं काम गेलं होतं, त्यांनाही २०%च, शेवटी त्यांनी मुलाला काढलं. ज्याला गरज त्याला ८०% दिली असती तर तो मुलगा आज शाळेत असता. पण कोणाला गरज आहे हे शाळेने विचारलंच नाही. शिवाय एकदा दिलेली सूट पुढच्या वर्षी काढून घेताना किती भांडणं झाली ते विचारू नका.

खडूफळा:
@ताळेबंद, लपवून अफवा थांबते का? पुढच्या टर्मची फी आत्ता भरा, सवलत घ्या असा मेसेज आला की स्टाफरूममध्ये सगळ्यांना कळतं की या महिन्याचा पगार त्यातून निघणार आहे. बरं, साथ अचानक आली, पण ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२५ पासून खाजगी शाळांच्या फीवर २०% व्हॅट लागला तो काही महिने आधी जाहीर करून. तारीख माहीत असताना तरी माणसांना विश्वासात घ्याल की नाही? तीनच आकडे दाखवा. बँकेत किती महिन्यांचा पगार आहे, पुढच्या वर्षाचे किती प्रवेश पक्के आहेत, आणि पुढच्या टर्मच्या फीपैकी किती आधीच खर्च झाली.

ताळेबंद:
पहिले दोन शिक्षकांना दाखवायला मी तयार आहे, पालकांना नाही. तिसरा आकडा आमच्या मीटिंगमध्ये मीच दोनदा मागितलाय, अजून मिळालेला नाही.