सूर्यमालेएवढं यंत्र खरंच सर्वज्ञ असेल का?

आकाशवाट (पुणे)
स्पेस ऑपेरा, म्हणजे अंतराळातल्या लढायांची साहसकथा, लिहितोय आणि चाळीस पानांवर अडलोय. कथेतलं यंत्र नेपच्यूनच्या कक्षेपर्यंत पसरलेलं, सगळं जाणणारं. त्याला सगळं आधीच कळत असेल तर लढाई कशाची? परवा नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बीण बघायला गेलो होतो. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या साधारण २५ किलोमीटरांत विखुरल्यात. त्यांचे संकेत जुळवताना प्रत्येकाला झालेल्या उशिराचा हिशेब ठेवावा लागतो. एवढ्याशा पसाऱ्यात ही गत! सूर्यापासून नेपच्यूनला पोचायला प्रकाशाला चार तास लागतात, म्हणजे माझ्या यंत्राच्या एका टोकाची खबर दुसऱ्या टोकाला आठ तास शिळी. यंत्राच्या बुद्धीची खरी मर्यादा ही आहे. ‘यंत्राला भावना नसतात’ हे पालुपद आता पुरे.

रोहिणी
नाही पटलं. तुमची जहाजं प्रकाशाहून वेगाने जातात ना? मग जहाजांना सूट आणि यंत्राला नियम, हा कुठला न्याय? इथला वाचक नारळीकरांवर वाढलाय, पहिल्याच प्रकरणात पकडेल. त्यापेक्षा गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने १९३६ साली दाखवलेलं घ्या: कुठलाही प्रोग्रॅम थांबेल की नाही हे दरवेळी अचूक सांगणारी एकच पद्धत असूच शकत नाही. वेग कितीही वाढवा, ही भिंत हलत नाही.

पेठकर
ट्युरिंगला इतकं ताणू नका. ती मर्यादा सगळ्या प्रोग्रॅमसाठीच्या एका पद्धतीला आहे. समोरच्या एका सेनापतीची पुढची चाल ओळखायला ती आड येत नाही. शिवाय माणूस ती भिंत ओलांडतो असं कुणी दाखवलेलं नाही. मला ही मर्यादांची शोधाशोधच खटकते. यंत्राला लंगडं करून माणसाला जिंकवणं ही पळवाट आहे. ते आपल्याहून हुशार असू द्या आणि मग माणसं कशी जगतात ते लिहा.

आकाशवाट
पेठकर, मी हुशारी कमी करतच नाहीये. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. नानासाहेब पेशवे मदतीला उत्तरेकडे निघालेलेच होते, आणि बातमी त्यांना वाटेत, कित्येक दिवसांनी, एका सावकारी पत्रातून कळली. शिळ्या खबरीपुढे अक्कल काय करणार?
रोहिणी, जहाजांचा मुद्दा खरा आहे, रात्रभर डोक्यात होता. आता उडी फक्त जहाजालाच मारता येईल, संदेशाला नाही. यंत्राला स्वतःशी बोलायलाही टपाल लागेल आणि ते माणसं नेतील.

रोहिणी
माणसं कशाला? यंत्र स्वतःची प्रतच जहाजात बसवून धाडेल. वर्षभर एकटी राहिलेली ती प्रत परतल्यावर मूळ यंत्राचं ऐकेल का? एक्केचाळिसावं पान तिथून सुरू करा.