दीड-दोन लाख पाहिजेत तर आधी गावातली पतसंस्था, ॲप आणि सावकार नको. पटतंय का?

कराडकर
माझं मत सरळ सांगतो. नोकरी किंवा छोटा धंदा आहे आणि दीड-दोन लाखांची गरज पडली तर पहिल्यांदा गावातली नोंदणीकृत पतसंस्था गाठायची. मोबाईलवरच्या ॲपच्या नादाला लागायचं नाही आणि शेकड्याने देणाऱ्याच्या दारात तर पाऊलही टाकायचं नाही. पतसंस्थेत तुम्ही सभासद असता, वार्षिक सभेचा अहवाल तुमच्या हातात येतो, मॅनेजर ओळखीचा असतो, दोन महिने दुकान बसलं तर समोर बसून मुदत मागता येते, कॉल सेंटरवाल्याला हे कुणी सांगायचं?

पण पाटी दिसली की शिरायचं असंही नाही. मी अहवाल मागून घेतो आणि मागच्या पानांपासून वाचतो, संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना दिलेल्या कर्जाचा तक्ता तिथे असावा लागतो, तो फुगलेला असेल किंवा द्यायला टाळाटाळ करत असतील तर तिथून उठायचं. ऑडिट वर्ग सलग अ आहे का, थकबाकी वाढतेय का ते बघायचं. आणि संस्था मल्टिस्टेट, म्हणजे एकापेक्षा जास्त राज्यांत चालणारी, आहे का ते विचारायचं, कारण तसं असेल तर ती दिल्लीच्या केंद्रीय निबंधकांकडे येते, आपल्या तालुक्याच्या सहायक निबंधकाला तक्रार देऊन फार काही हाती लागत नाही.

नाशिकचा_निखिल
दादा, आदर ठेवून सांगतो, नाही पटलं. ओळखीच्या नादात लोक व्याजाचा हिशोबच विचारत नाहीत. आमच्याकडे एका पतसंस्थेने "फक्त 12 टक्के" म्हणून लाखाचं कर्ज दिलं, तीन वर्षांसाठी, पण फ्लॅट. म्हणजे 36 हजार व्याज सरळ मिळवलं आणि 36 हप्ते पाडले, हप्ता आला 3,778. तेच लाख रुपये बँकेने 14 टक्क्यांनी घटत्या शिलकीवर, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज लावून, दिले तर हप्ता 3,418 च्या आसपास येतो आणि एकूण व्याज 23 हजार. बारा स्वस्त की चौदा? ते बारा टक्के घटत्या शिलकीने काढले तर 21 च्या वर जातात. वर शेअर्सची कपात, प्रोसेसिंग, विमा, कसला तरी निधी, हातात लाख आलेच नाहीत, व्याज मात्र पूर्ण लाखावर.

बँक आणि एनबीएफसीला (बँक नसलेली, कर्ज देणारी वित्त कंपनी) 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ कर्जाला सगळा खर्च धरून वार्षिक दर एका कागदावर लिहून द्यावा लागतो. तो नियम रिझर्व्ह बँकेचा, पतसंस्था तिच्या अखत्यारीत नाही. उद्या भांडण झालं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही जाता येत नाही. शिवाय बऱ्याच पतसंस्थांचं कर्ज सिबिलला, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीला, दिसत नाही, म्हणजे पाच वर्षं वेळेवर हप्ते भरले तरी पुढे घराचं कर्ज मागायला गेलं की आपण बँकेला अनोळखीच.

कराडकर
फ्लॅटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. फॉर्मवर सही करायच्या आधी हप्त्यांचा पूर्ण तक्ता मागायचा, दर महिन्याला मुद्दल किती आणि व्याज किती, आणि सगळी कपात जाऊन खात्यावर नक्की किती येणार ते लिहून घ्यायचं. पण निखिलभाऊ, बँक देते कुणाला? भाजीचा गाडा लावणाऱ्याकडे सॅलरी स्लिप नसते, आयटी रिटर्न नसतो. त्याच्याकडे पतसंस्थेची पिग्मी असते, रोज दोनशे रुपये भरलेली, आणि तीच वही त्याची पत. बँकेने नाही म्हटलं की त्या माणसाने जायचं कुठे ते सांगा.

माणदेशी_ताई
दोघंही बचत गट विसरलात. आमच्या गटात महिन्याला शंभर रुपये बचत आणि अंतर्गत कर्ज शेकडा दोन रुपये महिना. वर्षाचे 24 टक्के होतात, महाग वाटेल, पण ते व्याज गटातच राहतं आणि वाटपाच्या वेळी आमच्याच नावावर येतं. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मागणी सांगायची, ठराव वहीत लिहितात, सगळ्या सह्या करतात, मग पैसे. कुणाला किती दिले ते गटात लपत नाही. दोन लाख गटातनं निघत नाहीत हे खरं, पण दवाखाना, शाळेची फी, शेळी घ्यायची, यासाठी दुसरीकडे जायची गरजच पडत नाही.

आणि एक कळकळीने सांगते, दर आठवड्याला दारात येऊन वसुली करणाऱ्या फायनान्सवाल्यांना बचत गट समजू नका. ते पण दहा-बारा बायकांचा ग्रुप करतात, पण पैसा कंपनीचा, व्याज कंपनीचं आणि एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांना तिच्या दारात बसवतात. अहो, जिवाभावाच्या शेजारणी तुटतात त्यात.

थोरला_साताऱ्याचा
ओळख, ओळख काय लावलंय. आमच्या वडिलांना त्या ओळखीनेच बुडवलं. मित्राला जामीन राहिले, मित्राने हप्ते थांबवले आणि पुण्याला निघून गेला. पतसंस्थेने सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करायचा आदेश, घेतला आणि नोटीस आली वडिलांच्या नावावर. दाखल्याविरुद्ध वर दाद मागायची तर आधी वसुलीची अर्धी रक्कम भरावी लागते, हे कळल्यावर वडील दोन दिवस जेवले नाहीत. निवृत्त माणूस, पेन्शनवर घर. चेअरमन, मॅनेजर सगळे ओळखीचेच होते की, एकाने तरी आधी फोन केला का, की बाबा तुमचा मित्र थकलाय? ज्या कर्जाला दोन जामीनदार लागतात ते कर्ज घेणारा एकटा नसतो, तीन घरं गुंततात. त्यापेक्षा बँकेचं कर्ज बरं, आपलं आपण भोगू.

कर्जविभाग
मी एका पगारदार पतसंस्थेत कर्जाचं काम बघतो. थोरले, तुमच्या वडिलांच्या बाबतीत झालं ते वाईट झालं. कायद्याने संस्था कर्जदाराला सोडून थेट जामीनदाराकडे जाऊ शकते, दोघांची जबाबदारी सारखीच, पण पहिले दोन हप्ते थकले तेव्हाच जामीनदाराला पत्र गेलं पाहिजे, आम्ही पाठवतो. तुम्ही आता त्या कर्जाचा खातेउतारा लेखी मागा, व्याज आणि दंडव्याज कसं लावलंय ते तपासा आणि मित्राची मालमत्ता कुठे असेल तर ती लेखी कळवा, वसुली अधिकाऱ्याला आधी तिकडे वळायला सांगता येतं.

निखिल, पगारदार संस्थेचा विचार वेगळा करा. तिथे हप्ता सहकार कायद्याच्या कलम 49 प्रमाणे पगारातून कापून येतो, थकबाकी कमी राहते, म्हणून दरही कमी ठेवता येतो.

सोलापूरी_भाऊ
तुम्ही सगळे दिवसाढवळ्याच्या गोष्टी करताय. रात्री अकराला हॉस्पिटल म्हणतं पन्नास हजार भरा, तेव्हा कुठली पतसंस्था उघडी असते? आमच्या पेठेतला माणूस त्या वेळेला पैसे देतो. व्याज घेतो, पण जीव वाचतो. त्याला सरसकट शिव्या देणं मला चुकीचं वाटतं.

माणदेशी_ताई
भाऊ, त्याच्याकडे परवाना आहे का? 2014 च्या सावकारी कायद्याखाली परवाना असलेल्याला दर ठरवून दिलेत, बिगरशेतकऱ्याला तारणावर वर्षाला 15 आणि विनातारण 18 टक्के, शेतकऱ्याला 9 आणि 12. चक्रवाढ लावता येत नाही आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. तुमचा पेठेतला माणूस महिन्याला दहा टक्के घेत असणार. नाहीतर दहा हजार लिहून घ्यायचे, हातात साडेआठ द्यायचे आणि रोज शंभर असे शंभर दिवस, ते वर्षाला शंभर टक्क्यांच्या वर जातं. आणि कोरा चेक, सही केलेला स्टॅम्प पेपर, कर्जापोटी जमिनीचं खरेदीखत, हे त्याने मागितलं की समजायचं काय ते. 1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्त जाळले ते याच कागदांसाठी.

अशा खरेदीखतात कुणाची जमीन गेली असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करा, व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असेल आणि तो अवैध सावकारीतला ठरला तर जमीन परत मिळते. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

सोलापूरी_भाऊ
परवान्याचं मी कधी विचारलं नाही ताई, तो दाखवणारही नाही. पण रात्री अकराचं उत्तर तुमच्याकडे पण नाही.

नाशिकचा_निखिल
रात्री अकरासाठी बँकेच्या एफडीवर ओव्हरड्राफ्ट काढून ठेवायचा, वापरला तेवढंच व्याज, आणि दवाखान्यात थेट मोबाईलवरून भरता येतात. ज्याच्याकडे एफडी नाही त्याच्यासाठी घरातलं थोडं सोनं, पण ते सकाळीच, आणि पावतीवर वजन, कॅरेट, दर लिहून घेऊन. ॲप वापरायचंच असेल तर पैसे कुठल्या बँकेचे किंवा एनबीएफसीचे आहेत ते नाव रिझर्व्ह बँकेच्या साइटवर तपासा, फोनमधले कॉन्टॅक्ट मागितले की लगेच काढून टाका, ते मागायची परवानगीच नाही.

कराडकर
एफडी असलेला माणूस पेठेत जातच नाही निखिल. मी पिग्मीवाल्याचंच बोलतोय. आमच्या संस्थेत पिग्मीच्या शिलकेवर त्याच दिवशी उचल मिळते, जामीनदार लागत नाही, ही सोय तुमच्याकडच्या संस्थेत आहे का तेवढं भाऊंनी विचारून बघावं.