विमान ‘पाडले’ की ‘पाडाव केले’?

देवगडहून विचारणा

शाळेच्या भित्तिपत्रकासाठी दुसऱ्या महायुद्धातल्या एका जपानी लढाऊ विमानाची हकीकत लिहितो आहे. जून १९४२मध्ये अलास्कातल्या डच हार्बरवर हल्ला करताना एका ‘झिरो’ विमानाची तेलाची नळी गोळी लागून फुटली. तादायोशी कोगा हा १९ वर्षांचा वैमानिक ते अकुतान बेटावर घेऊन आला. वरून सपाट गवत दिसत होते, खाली निघाली दलदल. चाके रुतली, विमान उलटले आणि कोगा मान मोडून गेला. विमान मात्र बऱ्यापैकी धड राहिले. पाच आठवड्यांनी ते अमेरिकी गस्ती विमानाच्या दृष्टीस पडले. सॅन दिएगोला नेऊन ते दुरुस्त केले आणि सप्टेंबरात अमेरिकी वैमानिकांनी ते उडवलेसुद्धा.

अडलो आहे दोन ठिकाणी. ‘फोर्स्ड लँडिंग’ला काय लिहू? ‘सक्तीचे अवतरण’ मुलांना कळणार नाही. आणि शत्रूच्या हाती लागून त्याच्याच कामी आलेल्या विमानाला काय म्हणावे?

मालवणहून

‘सक्तीचे’ नकोच. सक्ती दुसरा कोणीतरी करतो. सक्तीची रजा, सक्तीची वसुली. इथे कोगावर कोणी सक्ती केली? इंजिनातले तेल गळून चालले होते. ‘अवतरण’ म्हटले की मुलांना अवतरणचिन्ह आठवणार. सरळ ‘निरुपायाने उतरवले’ लिहा.

‘आपत्कालीन’ हा शब्दही जपून वापरा. वादळात होड्या देवगड बंदरात आसऱ्याला येतात तेव्हा संकट असते, पण बंदर ठरलेले असते. धावपट्टी गाठून तातडीने उतरणे त्या जातीचे. मिळेल तिथे टेकणे वेगळे. त्याने चाके खाली न सोडता विमान पोटावर उतरवले असते, तर कदाचित वाचला असता. म्हणून ‘चाकांवर उतरवले’ हे जरूर लिहा, अपघाताचे कारण त्यातच आहे.

‘सक्तीने उतरवले’ कुठे शोभेल, तेही सांगतो. ३ सप्टेंबर १९६५ला आपले एक नॅट विमान पाकिस्तानात पसरूरला उतरले. पाकिस्तानचे म्हणणे, आम्ही उतरायला भाग पाडले. आपल्याकडचे म्हणणे, वैमानिक वाट चुकला. तिथे क्रियापद निवडले की बाजूही निवडली जाते. ते विमान आज कराचीच्या हवाई दल संग्रहालयात आहे.

विजयदुर्गहून

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आमच्या खाडीत आहे. शब्द ‘पाडाव’. जुन्या मराठीत गड पाडाव व्हायचा, सरदार पाडाव व्हायचा, गलबतही पाडाव व्हायचे. अर्थ एकच, जिंकून ताब्यात घेणे. पाडाव केलेले गलबत बुडवायचे नसते, आपल्या आरमारात घ्यायचे असते.

तुळाजी आंग्र्यांनी इंग्रजांचे ‘रेस्टोरेशन’ जहाज १७४९मध्ये असेच घेतले. पुढे फेब्रुवारी १७५६मध्ये इंग्रज सेनानी वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले, तेव्हा इंग्रजांचाच गोळा याच जहाजावर पडून ते पेटले. ती आग पसरत गेली आणि आंग्र्यांचे आरमार जळाले. किल्ल्याच्या तटावरून वाघोटणची खाडी पाहताना मला ‘पाडाव’ हा शब्द हटकून आठवतो. आज वर्तमानपत्रांत तो नुसत्या ‘पराभवा’पुरता उरला, याचे फार वाईट वाटते.

देवगडहून पुन्हा

शब्द मनापासून आवडला, पण एक भीती आहे. ‘पाडाव विमान’ वाचून मुले ‘पाडलेले विमान’ समजतील. गोळी लागली होती हे खरे, पण ते आकाशातून पाडले गेले नाही, आणि सगळी गोष्ट त्या फरकावरच उभी आहे. पाडले असते तर तुकडे मिळाले असते. धड मिळाले म्हणून चाचणीत कळले की झिरोचे नाक एकदम खाली दाबले की इंजिन गचके खाते आणि जास्त वेगात ते पटकन कुशीवर वळत नाही, उजवीकडे तर फारच जड. सूर मारायचा आणि उजवीकडे वळायचे, ही सुटकेची युक्ती अमेरिकी वैमानिकांना तिथून मिळाली.

विजयदुर्गहून

मग ‘पाडाव करून ताफ्यात घेतलेले’ असे पूर्ण लिहा. ‘करून घेतलेले’ आले की गोंधळ राहत नाही.

देवगडहून

हे जमले. ‘सर्व्हिस हिस्टरी’साठी ‘सेवेचा इतिहास’ लिहिला होता, तोही खोडून ‘पुढची कारकीर्द’ केले. मजकूर असा जातो आहे:

“कोगाने निरुपायाने, चाके खाली सोडून दलदलीत उतरवलेले हे झिरो अमेरिकेने पाडाव करून आपल्या ताफ्यात घेतले. त्याची पुढची कारकीर्द अडीच वर्षांची. फेब्रुवारी १९४५मध्ये सॅन दिएगोच्या धावपट्टीवर ते उडण्यासाठी निघाले असताना मागून आलेल्या अमेरिकी हेलडायव्हर विमानाच्या पंख्याने त्याचे तुकडे केले.”