५०% जीन्स, ५०% संस्कार हा हिशेब पटत नाही

कोणीतरी लिहिलंय की स्वभाव निम्मा जीन्समुळे आणि निम्मा घरच्या वळणामुळे, पण ते निम्मं एका माणसाचं नसतंच हो, ते टक्के लोकसंख्येतल्या फरकांचे असतात (माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला किती जीन्समुळे, एवढंच), म्हणजे माझा रागीटपणा अर्धा आजोबांचा नि अर्धा शाळेचा असं तोडून दाखवता येत नाही.

पीकेयूचं (फिनाइलकीटोन्युरिया, एक जन्मजात आजार) उदाहरण घ्या ना. १९३४ साली नॉर्वेत एक आई आपल्या दोन मतिमंद मुलांना घेऊन डॉक्टर फोलिंगकडे आली, मुलांच्या अंगाला विचित्र वास यायचा म्हणून ती बिचारी कितीतरी डॉक्टर पालथे घालून आली होती. फोलिंगनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड हे रसायन टाकलं तर रंग चक्क हिरवा झाला! या आजारात जीनमधल्या बिघाडामुळे फिनाइलअ‍ॅलनीन (प्रथिनांतला एक घटक) पचत नाही, ते साठून मेंदूची वाट लागते. आता गंमत अशी की बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन वेळेत कळलं आणि ते कमी असलेला आहार लगेच सुरू केला तर तेच जीन्स घेऊन मूल व्यवस्थित शिकतं, नोकरी करतं. मग मतिमंदत्व जीन्सचं की जेवणाचं? (अ‍ॅस्परटेमवाल्या गोड गोळ्यांच्या डबीवर 'नॉट फॉर फिनाइलकीटोन्युरिक्स' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते यांच्याचसाठी, मी कित्येक वर्षं ते डायबेटिसवाल्यांसाठी समजत होतो.)

उलट बाजूही आहे. रोमानियातल्या अनाथालयांतली, फार हेळसांड झालेली मुलं १९९० नंतर ब्रिटनमध्ये दत्तक गेली, त्यातली सहा महिन्यांची व्हायच्या आत गेलेली बहुतेक सावरली, उशिरा गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांना पुढे त्रास राहिला, पण सगळ्यांना नाही, आणि का नाही हे विचारलं की परत जीन्सचा विषय निघतोच.